चुना किती घालावा? परसबागेच्या मातीतील कॅल्शियमचा हिशेब

आम्ही शेतीतज्ज्ञ नाही. आम्ही बी. कॉम. झालेले, कचेरीत कारकुनी करणारे आणि उरलेल्या वेळात वस्तीच्या कामात लक्ष घालणारे गृहस्थ आहोत. तरीही मातीवर लिहीत आहोत, कारण मातीच्या एका हिशेबात आमच्या हातून मोठी चूक झाली आणि तिची किंमत अकरा कष्टकरी भगिनींना मोजावी लागली. तीच चूक दुसऱ्या वस्तीत होऊ नये म्हणून हा प्रपंच.

आमची वस्ती चिपळूण तालुक्यातील. विहाराच्या मागे एक गुंठा मोकळी जागा आहे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. पूर्वी तिथे करवंदाच्या जाळ्या, फुटकी कौले आणि कोणाकोणाचे मोडके सामान पडलेले असे. २०२१ साली महिला मंडळाच्या अकरा भगिनींनी ती जागा साफ केली, प्रत्येकीने शंभर-शंभर रुपये काढले आणि पाऊस संपल्यावर अर्ध्या जागेत टोमॅटो, वांगी, मिरची लावली. घरात भाजी येईल, उरली तर बाजारात जाईल, एवढाच विचार. टाळेबंदीत त्यांच्यातील दोघींच्या घरचे काम सुटले होते. तेव्हा शंभर रुपये ही सर्वांना सारखी रक्कम नव्हती.

झाडे वाढली, फुले आली, फळेही धरली. पण टोमॅटो लिंबाएवढा झाला की त्याच्या बुडाला, म्हणजे जिथून फूल गळते त्या टोकाला, आधी पाणी सुटल्यासारखा डाग पडे. मग तो डाग काळा होऊन चामड्यासारखा सुके. निम्मी फळे अशी गेली. कोणी म्हणाले कीड, कोणी म्हणाले नजर. एका शिकलेल्या मुलाने मोबाईलवर पाहून सांगितले की हा रोगही नाही आणि कीडही नाही, ही कॅल्शियमची कमतरता आहे. बाजारच्या दुकानदारानेही तेच सांगितले, "मातीत चुना टाका."

मुलाचे म्हणणे बरोबर होते. दुकानदाराचेही पूर्ण चूक नव्हते. पण 'टाका' म्हणणे सोपे आहे. किती टाकायचा, कोणता टाकायचा आणि टाकायचा की नाही, हे तिघांपैकी कोणीच सांगितले नाही.

२०२२ च्या वर्षावासाच्या शेवटी शेवटी मंडळाच्या अध्यक्षा ताई एक माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आल्या. "दादा, यात आकडे आहेत. तुम्ही हिशेबातले माणूस. आमच्या अर्ध्या गुंठ्याला किती बसतो तेवढा काढून द्या." पत्रकात आम्लधर्मी जमिनीसाठी हेक्टरी २ टन कृषी चुना असा आकडा होता. आम्ही पेन काढले, २००० किलो भागिले ४० गुंठे केले, गुंठ्याला ५० किलो आणि अर्ध्या गुंठ्याला २५ किलो असे लिहून खाली रेघ मारून दिली. दोन मिनिटांचे काम. चहा घेऊन ताई गेल्या.

ज्या वाचकांच्या लक्षात चूक आली असेल त्यांना आमचा जयभीम. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, हेक्टर नव्हे! हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, म्हणजे ९९ गुंठ्यांच्या आसपास. हिशेबाने अर्ध्या गुंठ्याला १० किलो बसत होते. आम्ही २५ लिहिले. कचेरीत अशी चूक झाली असती तर वरिष्ठांनी लाल शाईने गोल करून कागद परत पाठवला असता. इथे आमच्या अक्षरावर विश्वास ठेवून अकराजणींनी तो आकडा जमिनीत घातला.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. पत्रकात कृषी चुना म्हटले होते. कृषी चुना म्हणजे दळलेली चुनखडी. विहाराला रंग काढला तेव्हाचा विरलेला चुना पोत्यात उरला होता. चुना तो चुना, विकत कशाला आणायचा, असे सर्वांना वाटले. आम्हालाही वाटले. पण चुनखडी आणि विरलेला चुना यांत फरक आहे. आम्लता मारण्याची चुनखडीची ताकद १०० धरली तर विरलेल्या चुन्याची १३५ भरते आणि भट्टीतून काढलेल्या कळीच्या चुन्याची १७९. तेव्हा २५ किलो विरलेला चुना म्हणजे ३४ किलो चुनखडी घातल्यासारखे झाले. हवे होते १०, पडले ३४.

त्या हिवाळ्यात रोपे धरली खरी, पण वाढेनात. नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. वांग्याची रोपे तर वीतभर उंचीवरच थांबली. चुना जास्त झाला की मातीतील लोह, जस्त, मँगनीज ही सूक्ष्मद्रव्ये जणू कुलपात जातात. माती ती असूनही झाडाला देत नाही. फेब्रुवारीत मंडळाने वाफे मोडले. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही सर्वांसमोर आमचा कागद वाचून दाखवला आणि चूक कुठे झाली ते सांगितले. कोणी रागाने बोलले नाही. एक वयस्कर काकी एवढेच म्हणाल्या, "दादा, आमटीत मीठ जास्त झालं तर आम्ही पाणी घालतो. इथं काय घालायचं?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना आम्ही जे शिकलो ते आता लिहितो.

पहिली गोष्ट, कोकणच्या लाल मातीत कॅल्शियम कमी का, हे समजून घ्यावे लागते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्या दगडापासून झालेली ही माती. तिच्या कणांना अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद मुळातच बेताची. जे कॅल्शियम, मॅग्नेशियम तिच्याकडे असते ते पावसाचे पाणी धुऊन नेते आणि त्यांच्या जागी आम्लता येऊन बसते. मातीची आम्लता ज्या आकड्याने मोजतात त्याला शेतीखात्याच्या भाषेत सामू म्हणतात. सात म्हणजे मध्यम, सातच्या खाली आम्लधर्मी, वर गेला की विम्लधर्मी. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळे खुरटतात. आमच्या वाडवडिलांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. पण भाताच्या रोपासाठी ते राब भाजत. त्या राखेत चुन्याचा आणि पालाशचा अंश असतो. म्हणजे तण मारण्याबरोबर थोडे चुन्याचे कामही होई.

दुसरी गोष्ट, माती तपासल्याशिवाय आकडा काढायचा नाही. २०१५ साली केंद्र सरकारने जमीन आरोग्य पत्रिकेची योजना आणली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी तपासतात. या बारांत कॅल्शियम नाही. आम्ही पत्रिका हातात घेऊन वरून खाली दोनदा पाहिली, तेव्हा हे ध्यानात आले. म्हणून नमुना देताना 'विनिमयक्षम कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून द्यावे' असे वेगळे लिहून द्यावे लागते, आणि त्याची फीही वेगळी पडू शकते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान सामू तरी पाहावा. सामू साडेसहाच्या वर असेल तर चुन्याचे पोते तसेच बांधून ठेवावे.

नमुना घेणे हे भगिनींनी आमच्यापेक्षा चांगले केले. जागेत नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा. खुरप्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा सहा इंच खोल खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एक कापटी काढायची. उकिरड्याजवळची, झाडाखालची, बांधाकडची माती घ्यायची नाही. सगळी माती घमेल्यात एकत्र करून, गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. असे अर्धा किलो राहीपर्यंत करायचे. माती सावलीत वाळवायची, उन्हात नाही. पिशवी कापडी किंवा नवी प्लास्टिकची घ्यायची. खताच्या गोणीचा तुकडा चालत नाही, नाहीतर अहवाल मातीचा न येता खताचा येतो.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोन नमुने दिले. एक बिघडवलेल्या अर्ध्या गुंठ्याचा आणि दुसरा उरलेल्या अर्ध्याचा, जिथे अद्याप काहीच घातले नव्हते. बिघडलेल्या भागाचा सामू ७.८ आला, कॅल्शियम साडेसहा. चांगल्या भागाचा सामू ५.४ आणि कॅल्शियम १.२. हे कॅल्शियमचे आकडे 'मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम' या मापात असतात. काही प्रयोगशाळा 'सेंटिमोल प्रति किलो' लिहितात, आकडा तोच. हे माप पाहून घाबरू नये. एक मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियम म्हणजे एक किलो मातीत २०० मिलिग्रॅम, यालाच कोणी २०० पीपीएम म्हणतात. एवढे एक वाक्य वहीत लिहून ठेवले की अर्धे गणित झाले.

साधारणपणे दीडच्या खाली, म्हणजे ३०० पीपीएमच्या खाली, कॅल्शियम कमी समजतात. आमचे १.२ होते. कृषी सहायक भले गृहस्थ. ते म्हणाले, "एकदम उडी मारू नका. यंदा तीनपर्यंत न्या, वर्षाने पुन्हा तपासा." मागच्या वर्षीचे आमचे प्रताप त्यांच्या कानावर गेले असावेत.

आता हिशेब. या वेळी आम्ही तो विहारातील मुलांच्या फळ्यावर मांडला आणि मंडळाच्या दोन दहावी झालेल्या मुलींना प्रत्येक ओळ तपासायला लावली.

तीनमधून १.२ वजा केले की १.८ उरतात. ही तूट. तिला २०० ने गुणले की एक किलो मातीमागे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम कमी आहे, असे निघते. आता माती किती? आपण खोदतो ती वरची सहा इंच माती, तिचेच वजन धरायचे. अर्धा गुंठा म्हणजे साधारण ५०.६ चौरस मीटर. सहा इंच खोलीने पावणेआठ घनमीटरच्या आसपास माती होते आणि एक घनमीटर मातीचे वजन अंदाजे १३०० किलो धरतात. गुणाकार केला की जवळजवळ दहा हजार किलो येते. हा आकडा आम्हाला फार आवडला, कारण तो लक्षात राहतो. अर्धा गुंठा, सहा इंच, दहा हजार किलो. ज्यांचा वाफा लहान असेल त्यांनी चौरस फुटांनी प्रमाण काढावे. अर्ध्या गुंठ्यात साधारण ५४५ चौरस फूट असतात, म्हणजे एका चौरस फुटाला १८ किलोच्या थोडी वर माती.

दहा हजार किलो गुणिले ३६० मिलिग्रॅम म्हणजे छत्तीस लाख मिलिग्रॅम, अर्थात ३ किलो ६०० ग्रॅम कॅल्शियम. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. हे कॅल्शियमचे वजन झाले, चुन्याचे नव्हे. पगारातून कपाती झाल्यावर हातात पडते तसे प्रत्येक पदार्थातून कॅल्शियम काही टक्केच हातात पडते. शुद्ध चुनखडीत ते ४० टक्के असते. तेव्हा ३.६ भागिले ०.४०, उत्तर ९ किलो. पण आम्ही आणलेल्या पोत्यावर शुद्धता ९० टक्के छापली होती. म्हणून ९ भागिले ०.९०, बरोबर १० किलो.

फळ्यावर दहा आकडा आल्यावर सगळ्या हसल्या. मागच्या वर्षीचा भागाकार आम्ही नीट केला असता तर तेव्हाही दहाच आले असते! हा योगायोग होता. पत्रकातील आकडा आमच्या मातीला लागू पडला, दुसऱ्या गावच्या मातीला पडेलच असे नाही. पण त्या हसण्याने आमच्या मनावरचे ओझे थोडे उतरले, हे कबूल करतो.

दुसऱ्या पदार्थांचेही याच रीतीने काढता येते. जिप्सममध्ये कॅल्शियम २३ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तेवढ्याच तुटीला शुद्ध जिप्सम साडेपंधरा किलोच्या आसपास लागेल. जिप्समचा गुण असा की ते कॅल्शियम देते पण सामू बदलत नाही. सामू ठीक आहे आणि कॅल्शियम तेवढे कमी आहे अशा जागी ते उपयोगी. भुईमुगाला आऱ्या सुटताना जिप्सम देतात तेही यासाठीच, कारण भुईमुगाची शेंग आपले कॅल्शियम थेट मातीतून घेते. आमच्या जमिनीला मात्र आम्लताही कमी करायची होती, म्हणून चुनखडीच बरी.

डोलोमाइटच्या बाबतीत सावध राहावे. त्यात कॅल्शियम २२ टक्क्यांच्या आत आणि मॅग्नेशियम १३ टक्के. कॅल्शियमची तूट एकट्या डोलोमाइटने भरायची म्हटली तर साडेसोळा किलो लागते. पण आम्लता मारण्यात डोलोमाइट चुनखडीपेक्षा किंचित वरचढच आहे. म्हणजे कॅल्शियमचा हिशेब जुळतो आणि सामूचा दुप्पट होऊन बसतो. अहवालात मॅग्नेशियमही कमी असेल तर थोडा भाग डोलोमाइट आणि बाकी चुनखडी घ्यावी. पोत्यावर कॅल्शियमऐवजी 'कॅल्शियम ऑक्साइड' अमुक टक्के असे छापलेले असेल तर त्या आकड्याला ०.७१ ने गुणावे, तेव्हा खरे कॅल्शियम निघते. अक्षरे बारीक असतात. चष्मा न्यावा.

अंड्यांच्या टरफलांबद्दल भगिनींनी आवर्जून विचारले, कारण फुकटची वस्तू. टरफल म्हणजे जवळजवळ चुनखडीच. एका टरफलातून साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. ३६०० ग्रॅमला दोनने भागले तर अठराशे अंडी होतात. वस्तीतील एकूण एक घराने रोज अंडे खाल्ले तरी पुष्कळ दिवस लागतील, आणि तसे रोज खायला मिळाले तर आम्हाला आनंदच आहे! शिवाय टरफल हाताने चुरगळून टाकले तर ते वर्षानुवर्षे तसेच दिसते. मिक्सरमधून पीठ करून कुंडीला द्यावे, तिथे त्याचा उपयोग आहे. चुलीच्या राखेतही चुना असतो. पण लाकूड कोणते यावर प्रमाण बदलते आणि राखेतून पालाशही जातो. तिला हिशेबात धरणे कठीण. घालावी, पण मुठीने, घमेल्याने नव्हे.

घालायची रीत अशी. चुना लागवडीच्या महिना-दीड महिना आधी पडला पाहिजे, कारण चुनखडी सावकाश विरघळते आणि तिला ओल लागते. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या मध्याला, आम्ही दहा किलोचे दोन भाग केले. एक भाग उभा चालत फोकला, दुसरा आडवा, म्हणजे कुठे ढीग पडत नाही. मग कुदळीने सहा इंचांपर्यंत मिसळला. वर पडून राहिलेला चुना वरच्या इंचभर मातीलाच मिळतो आणि खालची मुळे उपाशी राहतात. भुकटी जितकी बारीक तितकी लवकर लागू होते. युरिया, ताजे शेण किंवा सुपर फॉस्फेट चुन्याबरोबर मिसळू नये. पहिल्या दोहोंतील नत्र अमोनियाच्या वासाने उडून जाते आणि सुपर फॉस्फेटमधील स्फुरद अडकून बसते. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. आणि चुना फोकताना नाकातोंडाला फडके बांधावे, वाऱ्याकडे पाठ करावी, मुलांना लांब ठेवावे. कळीचा चुना तर बागेत आणूच नये. ओल्या हाताला तो भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

आता टोमॅटोच्या त्या काळ्या डागाकडे येऊ. कृषी सहायकांनी आम्हाला एक प्रश्न विचारला जो आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नव्हता. "पाणी कधी घालता?" भगिनी कामावर जातात. ज्या दिवशी नळाला पाणी जास्त त्या दिवशी भरपूर, मग तीन दिवस कोरडे, अशी आमची पद्धत होती. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढते आणि ज्या पानांतून पाणी उडते तिकडेच ओढले जाते. फळातून पाणी फारसे उडत नाही. पाण्यात खंड पडला की फळाचे बूड सर्वांत आधी उपाशी राहते. मातीत पुरेसे कॅल्शियम असतानाही हे होते, आणि त्यातून युरिया जास्त पडला तर पाने भराभर वाढून उरलेसुरले ओढून घेतात. म्हणजे पहिल्या वर्षीची अर्धी चूक मातीत असेल, अर्धी पाण्याच्या पाळीत होती. चुना वाढवून पाण्याची चूक भरून निघत नाही.

म्हणून २०२३-२४ च्या हंगामात दोन्ही केले. चुना मोजून, आणि पाणी रोज थोडे. अकराजणींच्या पाळ्या लावून विहाराच्या दारावर कागद चिकटवला. वाफ्यांवर भाताचा पेंढा आणि वाळका पाला यांचे दोन इंच आच्छादन दिले. त्या वर्षी बुडाने काळी पडलेली फळे दहात एखादे निघाले. श्रेय चुन्याचे किती आणि पाण्याचे किती, हे आम्ही सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी बदलले. काकींचे मत विचाराल तर ते पाळीच्या कागदाच्या बाजूने आहे.

मुंबईत चाळीत आणि वसाहतीत राहणारे आमचे वाचक म्हणतील, आमच्याकडे गुंठा कुठला, आमच्याकडे तेलाचे डबे. त्यांच्यासाठीही तोच हिशेब. नर्सरीत मिळणारी लाल माती बहुधा आमच्या मातीचीच भावंड असते. डब्यात दहा किलो माती असेल आणि तूट आमच्याएवढीच असेल तर दहा ग्रॅम भुकटी पुरते, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. किलोला एक ग्रॅम. आम्ही डब्यात ओंजळभर चुना ओतलेला पाहिला आहे. शिवाय पालिकेच्या किंवा बोअरच्या पाण्यातून काही कॅल्शियम येतच असते. बोअरचे पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरा थर बसत असेल, तर चुना घालण्याआधी दहादा विचार करावा.

आमचा फळ्यावरचा हिशेब आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याला फार आवडला. ते मूळचे सोलापूर जिल्ह्यातील. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला आणि गावी आईला फोनवर सांगितला, कारण तिच्या दारातील लिंबाची पाने पिवळी पडत होती. माउलीने पोते आणून झाडाच्या आळ्यात चुना घातला. पुढच्या महिन्यात त्यांनी येऊन विचारले, "साहेब, फरक का नाही?" आम्ही त्यांना म्हटले, आधी माती तपासू. ते गावाहून डबीभर काळी माती घेऊन आले. कोरड्या मातीवर आम्ही कचेरीच्या उपाहारगृहातून आणलेले व्हिनेगर टाकले. बुडबुडे आले, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू आली. मातीत चुनखडी मोकळी पडलेली असली म्हणजे असे होते. वही पाहून चुना घातलेल्या आळ्यातील माती आणली असेल म्हणून शंका नको, त्यांनी ती बांधावरून आणली होती.

दख्खनच्या काळ्या मातीचा स्वभावच निराळा. तिचे कोठार मोठे, पाऊस कमी, म्हणून कॅल्शियम धुऊन जात नाही. आमच्या मातीत १.२, तर काळ्या मातीत वीस-तीस मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियम सहज असते आणि सामू आठच्या आसपास. तिथे लिंबाची नवी पाने पिवळी पडतात ती बहुधा लोह मिळत नाही म्हणून, आणि लोह मिळत नाही ते चुनखडी जास्त म्हणून. दुखणे चुन्याचे आणि औषधही चुन्याचेच, असा प्रकार झाला. तिथे शेणखत, पालापाचोळा आणि पानांवर हिराकशीची सौम्य फवारणी, लिटरला पाच ग्रॅम, हा उपाय. काळ्या मातीतही कुठे चोपण जमीन असते, पाणी मुरत नाही, वर चिखल आणि खाली दगड. तिथे जिप्सम लागते. पण ते सोडियम हुसकावण्यासाठी, आणि त्याचा हिशेब वेगळा, तो प्रयोगशाळेनेच काढून द्यावा. आमच्या वहीतील दहा किलो चिपळूणच्या त्या अर्ध्या गुंठ्याचे आहेत. सहकाऱ्याच्या आईला आम्ही फोनवर तसे सांगितले. ती म्हणाली, "बाळा, मग हे आधी सांगायचं नाही का?"

राहिला आमचा बिघडवलेला अर्धा गुंठा. काकींच्या प्रश्नाचे उत्तर असे की घालण्यासारखे फार काही नाही. चुना एकदा मिसळला की तो काढता येत नाही. आम्ही त्या भागात दोन वर्षे भरपूर शेणखत आणि कुजलेला पाला घातला, पावसाळ्यात तागाचे पीक घेऊन तो जमिनीत गाडला, आणि बाकी काम कोकणच्या पावसावर सोडले. जो पाऊस आमचे कॅल्शियम धुऊन नेतो म्हणून आम्ही तक्रार करतो, त्यालाच आता जरा जोरात ये म्हणावे लागले. पहिल्या वर्षी तिथे काही लावले नाही. दुसऱ्या वर्षी कडेला माठ टाकला, तो बऱ्यापैकी आला, पाने हिरवी होती.

यंदा त्या भागाची माती पुन्हा काढली. खड्डे भगिनींनीच घेतले, चार भाग त्यांनीच केले. पिशवीवरची चिठ्ठी दहावी झालेल्या मुलीने लिहिली. जागा अर्धा गुंठा, खोली सहा इंच, चुना २०२२ साली जास्त पडलेला, सामूबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे काढून मिळावे. सोमवारी तालुक्याला जाणाऱ्या मास्तरांबरोबर ती पाठवली आहे. अहवाल यायला तीन आठवडे लागतील.